डाव्या हाताला कोणी नाय

मी एसटीत कंडक्टर आहे. संभाजीनगर-कन्नड-पिशोर ही माझी लाइन. मी डबल बेल दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही आणि मी तोंड उघडलं की गाडीत दुसरं कोणी बोलत नाही, असं आमचे ड्रायव्हर गोकुळभाऊ अख्ख्या डेपोत सांगत फिरतात. फिरू द्या. बाजाराच्या दिवशी पिशोरची गाडी सांभाळून दाखवा म्हणावं, मग कळेल आवाज कशाला लागतो. आमच्या घरात आवाजाची वाटणीच अशी झाली. सगळा माझ्या वाट्याला आला आणि धाकट्या भावाला काही उरलंच नाही.

भावाचं नाव बुद्धभूषण. घरात भूषण. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो तान्हा होता तेव्हा भीमजयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. ढोलताशानं घराचे पत्रे थरथरत होते आणि हा माझ्या मांडीवर गाढ झोपलेला. बाया मायला म्हणाल्या, गीताबाई, किती शहाणं लेकरू आहे गं तुझं. आमची माय पंधरा दिवस त्याच कौतुकात होती. मग तिला खरं काय ते कळलं, आणि ते कौतुक तिनं पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही.

मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. बोलायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी आमच्यापुरते हात तयार केले. भाकरी थापल्यासारखं केलं की माय. मिशीवर बोट फिरवलं की बाप. मी म्हणजे आधी वेणी ओढायची खूण होती, नोकरी लागल्यावर त्यानं ती बदलून बेलची दोरी ओढायची केली. पुढं शहरातल्या कर्णबधिरांच्या शाळेत तो शाळेतले हात शिकला, ते सगळीकडं चालतात. पण घाबरला किंवा रुसला की तो घरच्या हातांवर येतो. आता मी सांगते त्यात भूषणचं जे बोलणं येईल ते सगळं हातांचं आहे, मी फक्त तोंडानं सांगते आहे.

पळायचं वेड त्याला पहिल्यापासून. पाय असे की बघणाऱ्यानं बघत राहावं. अडचण एकच होती, सुरुवात. पिस्तूल वाजलेलं त्याला कुठून कळणार? तो शेजारच्या पोराच्या टाचेकडं बघायचा. टाच हलली की हा निघायचा, म्हणजे सगळ्यांच्या नंतर. मग एकेकाला गाठत जायचा आणि रेषेपाशी दुसरा नाहीतर तिसरा यायचा. लोक म्हणायचे, काय पळतंय पोरगं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जायची. शंभर मीटर म्हणजे असतं किती? त्यात सुरुवात गेली की गेलीच.

मग मी उभी राहायला लागले. सुरुवातीच्या रेषेच्या थोडं पुढं, आतल्या गवतात, त्याच्या डाव्या हाताला. माझा हात वर. पिस्तूल वाजलं की हात खाली, आणि त्यानं निघायचं. जिल्ह्याची शर्यत असो की विद्यापीठाच्या मैदानावरची, ड्युटी बदलून मी हजर. एकदा एका पंचानं मला हाकललं, म्हणाले, बाई, इथं बाहेरच्या माणसाला उभं राहता येत नाही. मी म्हणलं, त्याला कान द्या, मी लगेच निघते. मग त्यांनी मला तिथंच राहू दिलं. पण खरं सांगायचं तर माझ्या हातानंही पुरतं भागत नव्हतं. आवाज माझ्या कानात, कानातून हातात, हातातून त्याच्या डोळ्यात, एवढा प्रवास होईपर्यंत बाकीची पोरं उठलेली असायची. तरी टाचेपेक्षा बरं होतं.

गारखेड्याच्या क्रीडा संकुलात शिवराज सर त्याला शिकवायचे. सर अबोल. मी दहा वाक्यं बोलले की ते एक बोलायचे, आणि ते एकच लागायचं. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांनीच त्याला नेलं. तिथं पिस्तुलाऐवजी झेंडा होता, तोही बाजूलाच. भूषण मागून सुटला आणि शेवटच्या काही पावलांत पहिला आला. त्यावर त्याची निवड झाली, आशियातल्या कर्णबधिर खेळाडूंच्या स्पर्धेसाठी, परदेशात. त्या शहराचं नाव मला अजून धड घेता येत नाही.

तिथं झेंडा नसतो. प्रत्येकाच्या समोर जमिनीवर एक दिवा असतो. लाल म्हणजे जागेवर बसा, पिवळा म्हणजे कंबर उचला, हिरवा म्हणजे सुटा. सगळ्यांना एकदम, कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. शिवराज सरांनी एका इलेक्ट्रिशियनकडून तसाच दिव्यांचा डबा करून घेतला आणि सराव सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला संकुलाबाहेर बोलावून सांगितलं की उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की तो दिव्याकडं बघत नाही. मला लई लागलं ते. इतकी वर्षं उन्हात उभी राहिले आणि आता येऊ नका! पण गेले नाही. सर सांगायचे, हिरवा लागला की पोरगं डब्याच्या आधी सुटतंय का काय असं वाटतं.

जायच्या दिवशी आम्ही सगळे त्याला रेल्वे स्टेशनवर सोडायला गेलो, विमान पुढं मोठ्या शहरातून होतं. तोवर हसत होता, गाडी लागली तसा तोंडावरचा रंग उतरला. एवढ्या लांब तो आमच्यापैकी कोणाला सोडून कधी गेला नव्हता. शिवराज सरांना संघाबरोबर जाता येत नव्हतं. हातांची भाषा जाणणारे एक गृहस्थ बरोबर होते, पण त्यांना शाळेतले हात येत होते, घरचे नाही. भूषणनं मला बाजूला ओढलं आणि विचारलं, तिथं माझ्या डाव्या हाताला कोण? मी क्षणभरही विचार केला नाही. बेलची दोरी ओढायची खूण केली. मीच की. घाबरलेल्या लेकराला गाडीत बसवताना माणूस दुसरं काय सांगणार? त्याला हायसं वाटलं, तो चढला, गाडी गेली.

त्याची पहिली फेरी आमच्याकडच्या सकाळी होती आणि त्यातून निवडलेल्या आठ जणांची अंतिम शर्यत त्याच दिवशी संध्याकाळी. मी मध्यवर्ती बसस्थानकात, कंट्रोल केबिनच्या मागं, फोनवर शर्यत लावून उभी होते. लाल लागला, सगळे बसले. पिवळा लागला, सगळ्यांच्या कंबरा वर. आणि माझ्या भावानं मान डावीकडं वळवली. हिरवा कधी लागला ते त्याला कळलंच नाही. सात जण गेले आणि हा तिथंच, डावीकडं बघत. मग निघाला. कसा पळाला ते मला सांगता येणार नाही, चौघांना मागं टाकलं त्यानं. अंतिम शर्यतीत घेतला गेला, पण सगळ्यांत शेवटचा म्हणून.

लगेच शिवराज सरांचा फोन. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तो डावीकडं कोणाला बघत होता?"

मी सरांना स्टेशनवरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की आता हे त्याच्या डोक्यातून तुम्हीच काढू शकता, माझं किंवा दुसऱ्या कोणाचं तो ऐकणार नाही.

मी व्हिडिओ कॉल लावला. गाडी सुटायला थोडा वेळ होता. भूषणचा चेहरा पडलेला. त्यानं सगळं घरच्या हातांनी सांगितलं. डावीकडं निळा कोट घातलेला एक पंच बसला होता, भूषण त्याच्याकडंच बघत राहिला. तू तिथं नसणार हे मला माहीत होतं, म्हणाला, पण मान आपोआप गेली. मग त्यानं पुढचं सांगितलं. म्हणाला, दिवा असूनही मी मागंच राहिलो. म्हणजे दिव्याचा बी मला उपेग नाय. ही शर्यत झाली की पळणं बास. घरी येतो, बापाबरोबर स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर जातो.

सेंट्रिंगचं काम वाईट नाही, आमचा बाप, रामकिसन, त्याच्यावरच आम्हाला वाढवत आला. पण हे पोरगं पळणं सोडणार आणि ते माझ्या एका शब्दापायी! मला आधी रडायला आलं, मग त्याचा राग आला, मग स्वतःचा त्याहून जास्त. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले, आणि त्याला खूण केली की नीट बघ.

"डाव्या हाताला कोणी नाय," मी म्हणलं. "मी तिथं नाय. मी गाडीवर आहे. मी तुला बघीन. तू मला बघू नको."

त्याला पटलं नाही. त्यानं पुन्हा बेलची दोरी ओढली, तू म्हणाली होतीस. मी म्हणलं, व्हय, म्हणाले होते. चुकीचं म्हणाले. तो माझ्याकडं बघत राहिला. मी आयुष्यात त्याला कधी एकटं सोडलं नव्हतं आणि त्याच्या तोंडावर तेच दिसत होतं की आता सोडते आहे. त्यानं मान खाली घातली आणि फोन बंद केला.

गोकुळभाऊंनी हॉर्न दिला. गाडी भरली होती. मी चढले, बेल दिली, तिकिटं फाडली, पण वेरूळ कधी आलं, कन्नड कधी गेलं, मला ठाऊक नाही. एका म्हाताऱ्याला मी लासूरचं तिकीट देत होते. तो म्हणाला, बाई, ही गाडी लासूरला जाती व्हय? पूर्ण गाडी हसली आणि मी कोणाला काही बोलले नाही. त्यावरून गोकुळभाऊंनी ओळखलं की आज काहीतरी बिघडलंय.

पिशोर आमचं गाव, तिथं माय स्टँडवर येऊन थांबलेली होती. लेकाची शर्यत माझ्याबरोबर बघायची म्हणून ती परतीच्या फेरीत माझ्या गाडीत बसली. बाप कामावर होता, त्याला रजा मिळाली नव्हती. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. वाटलं रागावेल. पण ती म्हणाली की आपण त्याला नेहमी कोणाच्या तरी हातावर ठेवलं, आता एकदा खाली ठेवून बघू.

संभाजीनगरला पोचलो तेव्हा शर्यतीला थोडाच वेळ उरला होता. प्रवासी उतरले. शिवराज सर फलाटावर उभेच होते, ते आत आले. रिकाम्या गाडीत आम्ही चौघं, मधल्या सीटवर फोन टेकवून बसलो. सरांच्या फोनचा पडदा मोठा होता. गोकुळभाऊ म्हणाले, आवाज वाढवा की. सर म्हणाले, आवाज नाहीच तिथं. खरंच नव्हता. एवढं मोठं मैदान, भरलेलं, आणि सगळे लोक दोन्ही हात वर करून नुसते हलवत होते, टाळ्यांच्या ऐवजी. गोकुळभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

भूषण सगळ्यांत बाहेरच्या लाइनीत होता. कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून फिरत आला. बाकीचे हात हलवत होते, हा सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांकडं बघत होता. सकाळनंतर त्यानं मला एकही मेसेज केला नव्हता. तो रुसला होता की समजला होता, हे कळायला मला काही मार्ग नव्हता.

लाल लागला. सगळे खाली बसले, बोटं रेषेवर.

आणि त्यानं मान डावीकडं वळवली.

मी ओरडले. फलाटावरची माणसं गाडीकडं बघायला लागली, इतकी जोरात. पुढं बघ रे, पुढं बघ! मी समोर असते तरी तो मला ऐकू शकला नसता आणि मी त्या फोनवर ओरडत होते. मायनं माझं मनगट धरलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

भूषण डावीकडं बघत होता. घाई नव्हती त्याच्या बघण्यात. त्या बाजूचं सगळं गवत त्यानं एकदा नीट बघून घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराबाहेर पडताना आपण सगळं बंद केलं का ते बघतो तसं. तिथं कोणी नव्हतं. मग त्यानं मान सरळ केली, खाली घातली आणि दिव्याकडं बघितलं.

पिवळा लागला. कंबर वर. मान हलली नाही.

हिरवा.

तो सगळ्यांच्या आधी सुटला. मी त्याला शेकडो वेळा सुटताना बघितलंय, पण असा कधीच नाही. पहिल्यांदा त्याच्या पुढं कोणी नव्हतं आणि बाकीचे सात त्याच्या मागं होते. अर्धी शर्यत होईपर्यंत तो पुढंच होता. मग एक जण आला बाजूनं, मग दुसरा, आणि अगदी रेषेवर तिसऱ्यानं छाती पुढं काढली. भूषण चौथा आला.

मायनं विचारलं, कितवा? मी सांगितलं, चौथा. मग, पदक? मी म्हणलं, तिघांना मिळतं. माझा आवाज चढला होता, मला त्या तिसऱ्याचा असा राग आला होता की तो समोर असता तर मी त्याला गाडीतून उतरवलं असतं. एका छातीसाठी गेलं! एवढं सगळं करून चौथा!

शिवराज सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मी त्यांच्यावरही चिडले. ते म्हणाले की ताई, मागून गाठायची त्याच्या पायांना सवय आहे, पुढं राहून शेवटपर्यंत पळायची नाही, कारण आजवर तशी वेळच आली नाही. ते मी शिकवीन. सुरुवात मला शिकवता येत नव्हती.

आम्ही कोणी उठलो नाही. गोकुळभाऊंनी चहा आणला. डेपोतून दोनदा निरोप आला की गाडी आत लावा, त्यांनी दोनदा सांगितलं की लावतो.

तासाभरानं भूषणचा कॉल आला. स्पर्धा उरकली होती, मैदान रिकामं झालं होतं, वर मोठमोठे दिवे लागलेले. मी फोन समोरच्या सीटच्या दांडीला टेकवला आणि त्यानं तोंड दाखवायच्या आत मीच चार बोटं वर केली. चौथा! अरे, जरा छाती पुढं काढता येत नव्हती? मला त्याची समजूत घालायची होती आणि हातातून निघालं हे. त्यानं माझी चार बोटं हातानंच बाजूला सारली, डासाला हाकलावं तशी. तो हसत होता. सकाळचं ते तोंड कुठं गेलं होतं कोण जाणे.

मी विचारलं, मग डावीकडं कशाला बघितलंस? माझा जीव गेला होता.

तो म्हणाला, "तू खरं बोलतेस का ते बघितलं. कोणी नव्हतं."

मग त्यानं मला थांब म्हणून खूण केली. फोन हातात घेऊन तो चालत गेला आणि सुरुवातीच्या रेषेवर, आपल्याच लाइनीत, गुडघे टेकून बसला. फोन त्यानं खाली धरला, त्याचे डोळे शर्यतीच्या वेळी जिथं असतील तिथं, आणि पुढं वळवला. लाल पट्टा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेषा, थेट दुसऱ्या टोकापर्यंत. त्यावर माणूस नाही, पाठ नाही, टाच नाही. बराच वेळ त्यानं तसाच धरून ठेवला. मग फोन परत आपल्याकडं वळवून म्हणाला, "मला असं दिसलं, ताई. अर्ध्यापर्यंत असंच. पुढच्या वेळी शेवटपर्यंत बघायचंय."

आजवर मी त्याला बाजूनं बघत आले होते. त्याच्या जागेवर बसून पुढं काय दिसतं, हे मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि त्यानंही नाही. मी रडले. युनिफॉर्मवर, माझ्याच गाडीत, ड्रायव्हरसमोर. उद्या अख्ख्या डेपोला कळेल, कळू द्या.

मायनं माझा खांदा हलवला, काय म्हणतंय लेकरू? मी फोन तिच्या हातात दिला आणि भूषणला सांगितलं, मायला बी दाखव. त्यानं पुन्हा फोन खाली धरला, पुन्हा पुढं वळवला. माय चष्मा नाकावर नीट करून बघत राहिली.

"लई लांबपर्यंत मोकळं आहे गं," ती म्हणाली.